वेताळाची राहिलेली फेरी

डॉक्टरांनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं की वडिलांनी आता जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही आणि कशाचा ताण घ्यायचा नाही. नाचायचं नाही, असं काही ते म्हणाले नव्हते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं कोळसा हाताळून निवृत्त झालेला माणूस साठी उलटल्यावर नाचायला निघेल, हे शहरातल्या डॉक्टरच्या डोक्यात येण्याचं कारणही नव्हतं. माझ्या डोक्यात यायला हवं होतं. मी सरकारी दवाखान्यात नर्स होते, आणि त्यांची मुलगी.

आम्ही मूळचे पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचे. तिथं चैत्र-वैशाखात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मोठाले मुखवटे बांधून गावातले पुरुष संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. कुणी कुठलं सोंग घ्यायचं हे घराण्यावर ठरलेलं. आमच्या घराकडे वेताळ. आजोबांनी नाचवला, त्यांच्यामागे वडिलांनी. वर्षभर कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले वडील त्या रात्रीसाठी रजा टाकायचे, आठवडाभर एक वेळ जेवायचे आणि एसटी पकडून गावी जायचे. लहानपणी मला वेताळाची भीती वाटायची, पण त्याहून जास्त वडिलांची वाटायची. मुखवटा बांधला की ते आमचे राहत नसत. त्यांना हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. वेताळानं तीन फेऱ्या पुऱ्या करायच्या, मग भगत नारळ फोडणार आणि भगतच आपल्या हातानं मुखवट्याच्या गाठी सोडणार. सोंग अर्ध्यावर उतरत नाही, हा आमच्याकडचा नियम. अर्ध्यावर उतरलं तर काय होतं, हे मी आजीला एकदा विचारलं होतं. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

पुढे गावातला बोहाडा बंद पडला. चैत्रात गावात माणूसच उरेना. अर्धे द्राक्षबागांवर, उरलेले नाशिकला बांधकामांवर. मुखवटा चुलत्यांच्या घरी आढ्याला टांगलेला राहिला. भाऊ सुरतेला नोकरीला होता. वेताळ पुढे तुलाच घ्यायचा आहे, असं वडिलांनी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मला सुट्टी मिळत नाही." त्यानंतर वडिलांनी तो विषय काढला नाही. तीन वर्षं गेली, मग दिवाळीत त्यांच्या छातीत दुखलं.

सिंहस्थ उरकला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. पेठ रस्त्याला, शहर संपून बरंच पुढे गेल्यावर, एका संस्थेनं उघड्या माळावर लोकजीवनाचं संग्रहालय उभारलं होतं. डोंगरातल्या गावांतून जुनी घरं विकत घ्यायची, कुडाच्या भिंती आणि खांब नंबर टाकून उतरवायचे, आणि माळावर आणून पुन्हा उभे करायचे, असा तो उद्योग. त्यात मुखवटेही गोळा केले होते. चुलत्यांनी आमचा वेताळ देऊन टाकला. विकला नाही, दिला, हे ते दहादा सांगायचे. त्या चैत्रात संस्थेनं संग्रहालयात बोहाडा ठेवला. रविवारी, दुपारी चार वाजता, शहरातल्या लोकांना मुलाबाळांसकट येता यावं म्हणून. गावातली माणसं ट्रकमधून आणणार होते. आमच्या शेजाऱ्यांकडे चुलत्यांचा फोन आला.

"वेताळाला माणूस नाय," ते म्हणाले. "तू नाय आला तर संस्थेतला शिपाई बांधणार हाय म्हनं."

वडिलांनी फोन ठेवला आणि त्या दिवसापासून एक वेळचं जेवण सोडलं. काय ते मी समजले. मी भांडले, रडले, डॉक्टरांचा कागद समोर धरला. ते ऐकून घेत होते. शेवटी मीच खाली उतरले आणि म्हटलं, एक फेरी, हळू, आणि मी बरोबर येणार. त्यांनी मान हलवली. मान हलवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

निघताना आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"नेऊ नको," ती म्हणाली.

"मी नाही नेलं तर ते एकटे जातील."

"जाऊ दे एकटे. तू नको जाऊ."

मला तिचा राग आला. नवऱ्याला एकटं सोडा म्हणणारी ही कसली बाई, असं वाटलं. ती मला कशापासून वाचवत होती हे मला तेव्हा कळलं नाही आणि तिलाही सांगता आलं नसतं. मी पर्समध्ये जिभेखाली ठेवायच्या गोळ्या टाकल्या, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, आणि आम्ही नाशिक रोडहून सीबीएसच्या एसटी स्टँडवर आणि तिथून पेठच्या गाडीनं निघालो.

उन्हानं माळ पांढरा पडला होता. फाटकाशी तिकीट काढून लोक आत जात होते, कुणी टोप्या घातलेले, कुणी कॅमेरे घेतलेले. आत पंधरा-वीस घरं ओळीनं उभी होती. एक कोकणा घर, एक वारली घर, एक महादेव कोळ्यांचं, प्रत्येकासमोर पाटी. घरं खरी होती, म्हणूनच ती बघवत नव्हती. सारवलेलं अंगण होतं, पण एक कोंबडी नव्हती. चूल होती, चुलीत राख नव्हती. कुठल्याच छपरातून धूर येत नव्हता. गावाहून ट्रकनं आलेल्या बायका त्या घरांच्या सावलीला बसल्या होत्या, पण एकही आत गेली नाही. मी एकीला विचारलं तर ती म्हणाली, "कुनाचं घर हाय, ठावं नाय. आत कोन असंल, ते बी ठावं नाय."

वडील एका अंगणात थांबले. तिथं वाघदेवाचा कोरलेला लाकडी खांब रोवला होता. वर सूर्य-चंद्र, मध्ये वाघ. असा देव आमच्याकडे गावाच्या शिवेवर असतो. डोंगराकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे जे यायचं ते बाहेरच थांबतं. इथं तो घराच्या दाराला लागून, डोंगराकडे पाठ करून उभा होता. एका लहान मुलीला त्याच्या शेजारी उभं करून तिचे वडील फोटो काढत होते.

"शिवंवरचा देव अंगणात आणून ठेवला," वडील म्हणाले. "आता शिवंवर कोन?"

त्यांनी पायातल्या चपला काढल्या आणि त्यानंतर दिवसभर घातल्या नाहीत. जमीन तापलेली होती. मी चपला हातात घेऊन त्यांच्यामागून फिरले.

मुखवटे एका लांब दालनात, काचेच्या पेट्यांत होते. वेताळाच्या गळ्याशी नंबराची चिठ्ठी बांधली होती. दरवर्षी बोहाड्याआधी त्याला नवा रंग आणि शेंदूर लागायचा, डोळ्यांभोवतीची लाल रेघ वडील स्वतः काढायचे. आता त्याच्यावर चकचकीत वॉर्निश मारलं होतं. संस्थेचे खादीचा झब्बा घातलेले एक गृहस्थ होते, माईक हातात घेऊनच जन्मले असावेत असे. त्यांनी पेटी उघडून मुखवटा आमच्या हाती दिला आणि वहीत सही घेतली. "साडेपाचच्या आत परत आणा हां," ते वडिलांना म्हणाले. "आणि जरा सांभाळून, फार नाजूक वस्तू आहे." ज्यानं बत्तीस वर्षं तो डोक्यावर वागवला त्याला हे सांगत होते. वडील हसले. त्या दिवशी हसलेले ते तेवढंच.

भगत म्हणजे गावातले सगळ्यात म्हातारे गृहस्थ, आजोबांच्या वेळेपासूनचे. त्यांनी पूजेची मांडणी केली, सुरुवातीचा नारळ फोडला. तो आतून काळा निघाला, वास मारत होता. त्यांनी तो पटकन धोतराच्या सोग्यात झाकला आणि दुसरा मागितला. बघणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कळलं. मला कळलं, कारण मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. वडिलांनाही कळलं. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाबा, आपण घरी जाऊ." ते म्हणाले, "बाय, आता बाजूला हो." मग भगतानं मुखवटा बांधला, मागे मानेवर धडप्याच्या, जुन्या फडक्याच्या, तीन गाठी मारल्या, आणि माझे वडील तिथून गेले.

आधी गणपती येऊन गेला, मग शारदा. मग संबळाची चाल बदलली आणि माईकवरून सांगितलं गेलं की आता भुतांचा राजा वेताळ येत आहे, लहान मुलांनी घाबरू नये. लोक हसले. वेताळ आला. मुखवट्यातून समोरचं फारसं दिसत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना दोन माणसं धरायला असतात. हातात काठी. पाय तेच, टाच आपटून अर्धं वळायचं, पुन्हा आपटायची. मी लहानपणी जे रात्री टेंभ्यांच्या उजेडात पाहिलं होतं ते इथं भर उन्हात बघत होते. उजेडात त्यांच्या पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा दिसत होत्या. दंडाची लोंबती कातडी दिसत होती. नाचणारा वेताळ नव्हता, माझा आजारी बाप होता, आणि हे फक्त मलाच दिसत होतं असं मला वाटलं.

पहिली फेरी पुरी झाली. मी भगताकडे बघून बस्स अशी खूण केली. त्यांनी बघितलं आणि मान फिरवली. मी मूर्ख होते. एक फेरी असं काही नसतंच. वडिलांना हे माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि तरी आम्ही दोघांनी घरी तसं ठरवलं होतं.

दुसऱ्या फेरीत, त्या पाटी लावलेल्या घरांपाशी वळताना, वेताळ थांबला. आधी गुडघे थरथरले. मग खांदे. डाव्या हातातली काठी सुटून पडली. धरणारी दोन्ही माणसं झटकन मागे सरली, कारण अंगात वारं आलं की मागेच सरायचं असतं. गावच्या बायकांनी जमिनीला डोकी टेकली. संबळ वाढला. वेताळ गुडघ्यांवर आला आणि थरथरत राहिला.

वारं मी पाहिलेलं होतं. याच माणसाच्या अंगात पाहिलेलं होतं, ते असंच असतं. आणि छातीची कळ डाव्या हातात उतरते तेव्हा माणसाच्या हातून वस्तू कशी सुटते, तेही मी वॉर्डात पाहिलेलं होतं, ते पण असंच असतं. मी दोन्हींच्या मध्ये उभी होते. किती वेळ, सांगता येत नाही. भगत डोळे मिटून पुटपुटत होते. कुणीच पुढे होणार नव्हतं. मुखवट्याच्या आत तो माणूस मेला असता तरी तीन फेऱ्या होईपर्यंत कुणी गाठी सोडल्या नसत्या, असं माझ्या मनात आलं आणि मी धावले.

गाठी घामानं घट्ट बसल्या होत्या. एक सुटली, दुसरी मी दातांनी ओढली, तिसरी तुटली. मुखवटा उचलून बाजूला ठेवला. संबळ थांबला.

वडिलांचा चेहरा घामानं निथळत होता. डोळे उघडे, लालसर, स्वच्छ. झोपेतून कुणी हलवून उठवल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते. माझी बोटं सवयीनं त्यांच्या मनगटावर गेली होती. नाडी जोरात होती, भरलेली, एकसारखी. नाचलेल्या माणसाची असते तशी. दहा ठोक्यांत मला कळलं की त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"काय झालं, बाय?" ते म्हणाले.

गावची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. बायकांनी तोंडावर पदर धरले होते. चुलते दोन पावलं पुढे आले आणि थांबले. मग टोपीवाल्यांपैकी कुणी तरी टाळ्या वाजवल्या, मुखवटा काढणं हा खेळाचाच भाग समजून, आणि त्यांच्यामागे बाकीच्यांनी वाजवल्या. टाळ्या संपल्यावर भगत माझ्यासमोर आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"का उतरवलं?"

मला खरं सांगता आलं असतं. घाबरले, चुकले, एवढे दोनच शब्द. पण त्या सगळ्या डोळ्यांपुढे, वडिलांच्या त्या स्वच्छ डोळ्यांपुढे, मला ते तोंडातून काढवेना. आमच्या घराण्याचा वेताळ मी अर्ध्यावर उतरवला होता, आणि तोही उगाच.

"नाडी लागत नव्हती," मी म्हटलं. "अजून एक मिनिट आणि गेले असते."

मग ते खोटं निभावणं आलं. मी त्यांना तिथंच आडवं केलं, पर्समधून गोळी काढली आणि त्यांच्या जिभेखाली ठेवली. आठवड्याचा उपास, चारचं ऊन, आणि त्यावर रक्तदाब उतरवणारी गोळी. दोन-तीन मिनिटांत त्यांचा चेहरा पांढरा पडला, डोकं फुटतंय म्हणाले, ओठ सुकले, आणि नाडी खरोखरच माझ्या बोटांखाली बारीक होत गेली. लोकांनी ते बघितलं. माझं खोटं त्यांच्या देखत खरं झालं. भगत म्हणाले, "दवाखान्यातली बाई हाय, तिला समजतंय." मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात झटकून टाकावा असं मला वाटलं, पण मी तशीच बसून राहिले.

संस्थेच्या जीपनं आम्हाला नाशिकला आणलं. येताना वडील मला म्हणाले, "मला तर बरं वाटत व्हतं. आतून काय बी समजलं नाय."

"असंच असतं," मी म्हटलं. "माणसाला समजत नाही."

हे एक वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी बाकी काही मागितलं नसतं.

डॉक्टरांनी तपासलं, हृदयाचा आलेख काढला, दिवाळीत होतं तसंच आहे म्हणाले, आणि माझ्यावर डाफरले. औषधं तीच राहिली. पण वडील तेच राहिले नाहीत. आतून बरं वाटत असतानाही माणूस जाऊ शकतो, हे त्यांना त्यांच्या नर्स मुलीनं सांगितलं होतं, आणि त्यांना ते पुरेपूर पटलं. आधी त्यांनी सकाळी दारणेच्या पुलापर्यंत जाणं सोडलं. मग चौकातला चहा. मग आंघोळीला स्टुलावर बसायला लागले. पावसाळ्यात खाट धरली. बरं वाटलं की त्यांना जास्त भीती वाटायची. रात्री झोप लागली तर सकाळी घाबरून उठायचे. मी ड्यूटीवरून आले की ते आधी हात पुढे करायचे.

"बघ."

मी बघायची. "छान चाललीय, बाबा."

ते आईकडे बघायचे, जणू मी त्यांचं मन राखायला बोलतेय. आणि कुणी भेटायला आलं की माझ्याकडे बोट करून सांगायचे, हिनं त्या दिवशी मला ओढून आणला, नायतर तिथंच गेलो व्हतो. चुलते, भगत, सुरतेहून आलेला भाऊ, सगळ्यांना त्यांनी हे सांगितलं. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू होतीस म्हणून." मी त्याला चहा दिला.

मार्गशीर्षात ते फारच उतरले. अंगावर मांस राहिलं नव्हतं, आणि हृदयाला म्हणावं असं नवं काहीच झालं नव्हतं. एका संध्याकाळी आई बाहेर गेली होती. मी त्यांचा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी नाडी चांगली होती. पहिल्या दहा ठोक्यांतच मला कळलं होतं. लोकांना घाबरून मी खोटं बोलले. गोळीनं तुम्हाला चक्कर आली. तुम्ही तिसरी फेरीही केली असतीत, बाबा, आणि मग आपण बसनं घरी आलो असतो. मी रडत होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग ते मलाच थोपटायला लागले.

"उगी," ते म्हणाले. "आता माझं मन राखायला असं काय बाय बोलू नको. मी घाबरत नाय."

"बाबा, खरं सांगतेय. तेव्हा खोटं बोलले होते."

"येडी," ते म्हणाले. "वेताळ म्होरं ठेवलेला व्हता. त्याच्यादेखत तू खोटं बोलशील व्हय?"

त्यांनी माझ्या हातातून आपलं मनगट सोडवून घेतलं आणि पांघरुणात ओढलं. त्यानंतर त्यांनी मला नाडी बघायला सांगितली नाही. पाचव्या दिवशी ते गेले.